हौदाचा वहनव्यय

वाळवंटात राहण्याची एक सोय असते. काहीही आटलं, बिघडलं, कमी झालं, की उन्हाचं नाव घ्यायचं. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसली? ऊन. कुंडीतली तुळस करपली? ऊन. परसातल्या स्विमिंग पूलचं पाणी उतरलं? ऊनच की, दुसरं काय असणार! अमेरिकेतल्या फीनिक्सच्या आसपासच्या गावांत हे कारण कुणालाही पटतं, कारण बहुतेक वेळा ते खरंही असतं. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे ओळीने ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. आपल्या मापात ४३ च्या पुढे. एवढा मोठा संशयित डोळ्यांसमोर उभा असताना जमिनीखालच्या चोराकडे लक्ष जायचं कसं?

आमचं गेलं ते पाण्याच्या बिलामुळे. बिल एकदम दुप्पट झालं असतं तर घरात त्याच दिवशी आरडाओरडा झाला असता. ते तसं करत नाही. महिन्यामागे महिना थोडंथोडं चढतं, मग उन्हाळ्याचा वरचा दर लागतो आणि त्यात सगळं मिसळून जातं. त्यातून पूलला ऑटोफिल, म्हणजे पातळी उतरली की नळाचं पाणी आपोआप आत सोडणारा फ्लोट. हे यंत्र फार शहाणं आहे. पाणी कुठे गेलं असं ते विचारत नाही, गेलं तेवढं आणून ठेवतं. कडेच्या टाइलवर पाणी रोज ज्या रेषेला असायचं त्याच रेषेला असे. घर घेतलं तेव्हा पूल त्यातच आला होता, ऑटोफिलही आला होता, आणि पहिल्यापासून पातळी हलताना आम्ही पाहिलीच नव्हती.

त्या वर्षी आई आणि आण्णा परभणीहून आलेले. आण्णा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. नकाशावर २०८ किलोमीटरचा कालवा, त्यातला पाथरी-मानवतकडचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. त्यांच्या हाताखाली पाटकरी असत आणि डोक्यावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, गावांचे शेतकरी. आवर्तन सुटलं की वरची गावं पाणी ओढत, टेलला पोचेपर्यंत धार बारीक होई, आणि शिव्या खायला आण्णा. पाणी वाटेत कुठे गेलं हा प्रश्न त्यांनी नोकरीभर ऐकला आणि विचारला. आमच्या पूलला ते हौद म्हणत. बिल जेवणाच्या टेबलावर पडलेलं होतं, ते चष्मा लावून त्यांनी वाचलं, गॅलनचे लिटर करून घेतले आणि म्हणाले, "चार माणसांचं घर. कुठं जायलंय एवढं पाणी?"

"बाष्पीभवन, आण्णा. इथली हवा कोरडी आहे."

"मोजलंस का?"

मोजणं सोपं होतं. फुटपाथजवळ जमिनीत पाण्याच्या मीटरची पेटी असते. तिचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचलायचं, हाताने नाही; आत काळे विषारी कोळी घर करून राहतात. मीटरवर एक चिमुकला त्रिकोण असतो. घरातला एकही नळ चालू नसताना तो फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. रात्री सगळे निजल्यावर टॉर्च घेऊन पाहिलं, तर तो सावकाश पण न थांबता फिरत होता. ऑटोफिलचा व्हॉल्व्ह बंद केला. त्रिकोण थांबला.

तरीही हा पुरावा पुरा नव्हता. पूल पाणी पितोय एवढंच त्यातून कळलं. ते पाणी वर जातंय की खाली, हे त्रिकोण सांगत नाही. त्यासाठी इथले पूलवाले एक बादली वापरतात. पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीएवढं भरायचं, दोन्हीकडे खूण करायची आणि एक दिवस थांबायचं. बादली काठावर ठेवून चालत नाही, पाण्यातच ठेवावी लागते, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान एक राहतं. जॉन डाल्टनने १८०२ च्या सुमारास बाष्पीभवनाचं गणित मांडलं त्यात मुख्य गोष्ट हीच आहे: पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेला वाफेचा दाब आणि वरच्या हवेतल्या वाफेचा दाब, यांच्यात जितकी तफावत तितकं पाणी उडतं, आणि वारा त्याला हात देतो. ऊन लागतं ते पाणी तापवण्यापुरतं. म्हणूनच पाणी रात्रीही उडतं. दिवसभर तापलेलं पाणी आणि वर कोरडी, गार झालेली हवा अशी जोडी जमली की चांगलंच उडतं. म्हणूनच इथे मे-जून सगळ्यात वाईट. जुलैत पारा तितकाच असतो, पण दक्षिणेकडून दमट हवा येते, अधूनमधून वळवासारखा पाऊस पडतो, आणि पाणी जरा कमी उडतं.

आण्णांनी मुलीच्या शाळेची एक वही घेऊन तिच्यात रकाने आखले. तारीख, बादली, हौद, फरक, शेरा. पहिल्या दिवशीच बादली पाव इंच उतरली आणि हौद पाऊण इंच. ऊन दोघांवर सारखंच पडलं होतं. अर्धा इंच पाणी जमिनीत गेलं होतं.

अर्धा इंच ऐकायला काहीच नाही. आमचा पूल चौदा फूट बाय अठ्ठावीस. त्यावर एक इंच पाणी म्हणजे सव्वानऊशे लिटर. अर्धा इंच म्हणजे रोज साडेचारशे लिटरच्या वर, आणि हे कधीपासून चाललेलं कोण जाणे. आण्णांनी वहीच्या मागच्या पानावर अख्ख्या हौदाचं आकारमानही काढलं: सरासरी खोली पाच फूट, एकूण पंचावन्न हजार लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात जायकवाडीतही मृतसाठाच उरला होता. आण्णा म्हणाले, "एक वाघीण आहे बघ ही तुझी." पुढे काही सुनावतील म्हणून मी वाट पाहिली. पण त्यांना ह्या हौदात पाय सोडून संध्याकाळी बसायला मनापासून आवडे, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "असू दे," म्हणाले, "पण गळायला नको."

आता पाणी कुठून जातंय ते पाहायचं. ह्या भागात एक सुरेख तर्क आहे आणि तो पंपाच्या बटणावर चालतो. पंप चालू असताना गळती जास्त असेल, तर पूलमध्ये पाणी परत आणणाऱ्या नळ्यांवर संशय घ्यायचा, कारण तेव्हा त्यांच्यात दाब असतो. पंप बंद असताना जास्त असेल तर पाणी ओढून नेणाऱ्या नळ्या. पंप चालताना त्या फटीतून पाणी सोडण्याऐवजी हवा आत घेतात आणि पंपाच्या जाळीत बुडबुडे दिसतात. दोन्ही वेळी सारखीच असेल, तर नळ्या सोडून हौदाच्या अंगात शोधायचं. एक सोपी जागा मात्र बरेच लोक विसरतात: फिल्टर धुतल्यावर घाण पाणी बाहेर सोडणारा पाइप. झडपेतलं रबर झिजलं की त्या पाइपातून दिवसभर बारीक धार गटारात जात राहते. आमचा तो पाइप कोरडा होता. पंप चालू ठेवून मोजलं, बंद ठेवून मोजलं. आण्णांच्या 'फरक'च्या रकान्यात अर्ध्या इंचाच्या आसपासच आकडे आले. शेरा: "यंत्राचा दोष दिसत नाही."

आणखीही एक रीत आहे: काहीच करायचं नाही, पाणी उतरू द्यायचं. जिथे उतरणं मंदावेल त्याच उंचीवर भोक. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठाजवळच्या खोबणीच्या) तोंडाशी थांबलं तर स्किमर, दिव्याशी थांबलं तर दिवा. तर्काला ही पद्धत निर्दोष आहे, पण आमच्या वेगाने दिव्यापर्यंत उतरायला महिना गेला असता आणि पाणी वाया गेलं असतं ते वेगळंच. शिवाय भर उन्हाळ्यात उघडा पडलेला गिलावा तडकतो. ज्या भागात जमिनीखालचं पाणी वर असतं तिथे तर रिकामा हौद होडीसारखा उचलला जाऊ शकतो. फीनिक्सला ती भीती फारशी नाही. इथे जमिनीखालचं पाणी वर येण्याची वाट पाहणारेच जास्त.

आण्णांची स्वतःची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्यांचा माझ्या बादलीपेक्षा जास्त विश्वास होता. कालव्याच्या भरावाच्या बाहेरच्या अंगाला मार्च-एप्रिलमध्ये कुठे हिरवं दिसलं, की तिथे भराव पाझरतोय. नोकरीत त्यांनी अशा जागा मोटारसायकलवरून जाता जाता ओळखल्या होत्या. इथे कुंपणाला सर्रास कण्हेर लावतात. आमच्या मागच्या भिंतीलाही ती आहे, आणि तिचं एक टोक बाकीच्यापेक्षा दाट, काळपट हिरवं होतं. पूलपासून सात-आठ फुटांवर. आण्णांनी बोट दाखवलं आणि कुदळ मागितली. कुदळ आमच्याकडे नव्हती, फावडं होतं. एका फुटाखाली चुनखडीचा कडक थर लागला, इथे त्याला कलीची म्हणतात. त्याच्यावर माती चांगली ओली होती, खड्ड्यात पाणी साचायला लागलं. आण्णा काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर तीस वर्षांची नोकरी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पूलवाला आला. साठीचा, उन्हाने रापलेला, अरिझोनातच जन्मलेला मेक्सिकन माणूस. त्याने खड्डा पाहिला, मान डोलावली आणि त्यातलं पाणी छोट्या बाटलीत घेऊन त्याच्या पेटीतला एक द्रव त्यात टाकला. पूलच्या पाण्यात सायन्युरिक ॲसिड घालतात. उन्हात क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पण हे ॲसिड नसतं. पूलमधून झिरपलेलं पाणी असेल तर बाटली गढूळ व्हायला हवी. ती स्वच्छच राहिली. म्हणजे हे नळाचं पाणी. त्याने खड्डा आणखी थोडा उकरला, तर कण्हेरीला पाणी देणाऱ्या ठिबकच्या नळीचं टोक निसटलेलं सापडलं. ठिबक टायमरवर पहाटे थोडा वेळ चालतं, त्यामुळे रात्रीच्या त्रिकोणाला ते कळलं नव्हतं.

"गळती ती गळतीच," आण्णा म्हणाले, आणि वहीत तिची वेगळी नोंद केली. पण ही आम्ही शोधत होतो ती नव्हती.

मग त्या माणसाने एकेक नळी रबरी बूच लावून बंद केली, तिच्यात दाब भरला आणि काटा पाहत बसला. काटा पडला नाही. जमिनीला कान लावायचं त्याचं यंत्र होतं, डॉक्टरांच्या नळीचा मोठा भाऊ म्हणावं असं, कानावर हेडफोन. आण्णांची उत्सुकता पाहून त्याने हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच येत होती, पण आण्णा डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "नो वॉटर. ओन्ली मशीन." तो खुशीत हसला. त्याचाही निष्कर्ष तोच होता.

हौदाची भिंत तडकली असेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, क्वचित. इथले पूल लोखंडी जाळीवर दाबाने काँक्रीट फवारून बनवतात. ही युक्ती मूळची कार्ल एकली नावाच्या माणसाची. मेलेल्या प्राण्यांची कातडी भरून त्यांना जिवंतपणा आणण्याची कला हे त्याचं खरं काम. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या इमारतीचं बाहेरचं अंग डागडुजीला आलं होतं, तेव्हा १९०७ च्या सुमारास त्याने हवेच्या दाबावर सिमेंट फवारायची बंदूक तयार केली, आणि १९११ साली तिचं पेटंट त्याला मिळालं. हे नंतर मी वाचून काढलं. पूलवाल्याला एकलीशी कर्तव्य नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की सलग काँक्रीट सहसा दगा देत नाही. जिथे काँक्रीटला दुसरी वस्तू येऊन भिडते तिथे बघायचं. स्किमरचं प्लॅस्टिक, तळाची जाळी, नळ्यांची तोंडं, दिवा. काँक्रीट आणि प्लॅस्टिक उन्हात वेगवेगळं फुगतात, वेगवेगळं आक्रसतात.

पंप बंद करून पाणी निवांत होईपर्यंत तो सावलीत बसला, आईने केलेला चहा प्यायला. मग मास्क लावून पाण्यात उतरला. हातात सुई नसलेली सिरिंज, तिच्यात फिनॉल रेड. हे पूलच्या पाण्याचा सामू तपासायचं साधं रसायन, लालभडक. स्किमरच्या तोंडाशी एक थेंब सोडला. थेंब धुरासारखा तरंगत राहिला. तळाच्या जाळीशी तेच. नळ्यांच्या तोंडांशी तेच. दिव्याच्या कडेला सोडला, तेव्हा लाल रेघ जरा थबकली, वाकली आणि कडेच्या फटीतून आत ओढली गेली. त्याने दुसरा थेंब सोडला. तोही गेला. आण्णा काठावर गुडघ्यांवर बसून पाहत होते.

दिव्याच्या खोबणीमागून वायरीसाठी एक नळी निघते आणि जमिनीखालून वर काठाजवळच्या पेटीपर्यंत जाते. खोबणीत पाणी असतंच, त्यामुळे ह्या नळीतही पूलच्या पातळीएवढं पाणी उभं राहतं. नळी धड असेल तर बिघडत नाही. आमची जमिनीखाली कुठेतरी तडकली होती. पाणी त्या तड्यातून कलीचीच्या थरावर उतरायचं आणि आडवं कुठेतरी निघून जायचं. वर फरशी कोरडी, माती कोरडी.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद. दिवा खोबणीतून काढून थेट काठावर ठेवता येतो, कारण त्याच्या मागे जादा वायर गुंडाळून ठेवलेली असते. बल्ब बदलायला पाणी उपसावं लागू नये म्हणून. मग पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी मळून नळीच्या तोंडात वायरभोवती ठासायची. झालं. त्याची फी आणि त्या मूठभर पुट्टीची किंमत यांचा काही मेळ नव्हता, पण पुट्टी कुठे लावायची हे ठाऊक असण्याचेच पैसे असतात.

पुट्टी सुकल्यावर बादली पुन्हा पायरीवर बसली. बादली पाव इंच, हौद पाव इंच. फरकाच्या रकान्यात आण्णांनी शून्य लिहिलं.

इथे खरं तर वही बंद व्हायची. पण आण्णा त्या पाव इंचाकडे बघत बसले. उन्हाळ्यात रोज पाव इंच किंवा जास्त, हिवाळ्यात कमी, असं धरत त्यांनी वर्षाचा अंदाज काढला तो पाच-सहा फुटांच्या घरात गेला. म्हणजे गळती नसताना, सगळं ठाकठीक असताना, हा हौद दरवर्षी एकदा पूर्ण उडून जातो आणि ऑटोफिल तो पुन्हा भरतो. "ह्याला रकाना कुठाय?" त्यांनी विचारलं. कालव्याच्या हिशोबात तो असतो. वरून सोडलेलं पाणी आणि शेतावर पोचलेलं पाणी यांच्यामधल्या घटीला वहनव्यय म्हणतात. पाझरलेलं, उडालेलं, सगळं त्यात. आण्णांच्या मते तो आकडा नेहमी थोडा खोटा असे, कारण चोरीही त्यातच घालत. पण रकाना असे.

मी त्यांना कोलोरॅडो नदीची गोष्ट सांगितली. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात तिचाही वाटा आहे. १९२२ साली सात राज्यांनी ती नदी कागदावर वाटून घेतली. खालच्या अंगाची तीन राज्यं, अरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा, यांच्या वाट्यांच्या हिशोबात धरणांवरून उडणारं आणि वाटेत मुरणारं पाणी कुणाच्याच नावावर लावलेलं नाही. वाळवंटातून जाणारी नदी, तिच्यावर लेक मीडसारखा अफाट जलाशय, आणि घट शून्य! वरून भरपूर येत होतं तोवर भरून निघालं. ऑगस्ट २०२१ मध्ये लेक मीडसाठी पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी अरिझोनाचा वाटा ५ लाख १२ हजार एकर-फुटांनी (एकरभर जागेवर फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट) कापला गेला. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंजिनिअर कोण होता?" सात राज्यांच्या प्रतिनिधींची नावं मला सांगता आली नाहीत. बहुतेक वकील असणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

ऑटोफिल आम्ही तेव्हापासून बंद ठेवलाय. आठवड्यातून एकदा होजने भरतो, म्हणजे किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. बायको म्हणाली, मग झाकून का टाकत नाही? बुडबुड्यांचं निळं कव्हर मिळतं, ते पसरलं की बाष्पीभवन बरंचसं थांबतं. मलाही पटलं. पण त्यात एक मेख आहे. उन्हाळ्यात ते कव्हर घातलं की पाणी तापतं, इतकं की पोहवत नाही. पाणी उडतं म्हणून तर उरलेलं गार राहतं. आई म्हणाली, "माठाला कुणी प्लास्टिक गुंडाळतं का?"

त्यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी कव्हर मागवलं, पण ते ऑक्टोबर ते एप्रिल, हौदात कुणी उतरत नाही तेव्हापुरतं. उन्हाळ्याच्या पाव इंचाला आण्णांनी मंजुरी दिली. तोंडी. लेखी मागू नको म्हणाले.